चोपन्नाव्या मिनिटाची स्थळप्रत

दिनांक १० सप्टेंबर २०२४, मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. हॉस्पिटलचा तिसरा मजला, खाट क्रमांक चौदा. हे लिहायला घेण्याआधी मी हॉस्पिटलने दिलेल्या अंगरख्याचा तुटलेला बंद शिवत होतो. सुई-दोरा माझा स्वतःचा आहे.

मी, वय वर्षे सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, राष्ट्रीय फुटबॉल लीगमधल्या एका क्लबाचा माजी किटमन, म्हणजे खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ताप नाही, सहाला आणि दहाला पाहिला, नोंद खाटेच्या पायथ्याशी टांगलेली आहे. दारू पीत नाही. कोणी धाक घातलेला नाही. उलट सिस्टर दोनदा म्हणाल्या, "अहो, झडपेचं तर ऑपरेशन आहे, एवढं काय लिहिताय? परीक्षा आहे का?"

उद्या सकाळी आठ वाजता माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव जण धडधाकट घरी जातात. मी उरलेल्या तिघांबद्दल विचारले, तर ते हसले. तीन म्हणजे थोडे नव्हेत. आमच्या क्लबाचे तीनच गुण कापले होते.

जेथे खाडाखोड आहे तेथे सही केली आहे.

कलम १. घर माझ्या नावावर नाही, त्यामुळे त्यावरून भांडण नको. बाबांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीतली लोखंडी खाट, कपाट आणि टेबलपंखा आईला. बँकेतली शिल्लक, हॉस्पिटलचे बिल वजा जाता, तीही आईला. तिने ती ताईच्या घराच्या हप्त्यांना देऊ नये. देईलच, पण मी लिहून ठेवले.

कलम २. वाफेची इस्त्री आणि शर्टावर नंबर दाबायचे यंत्र धुलाईच्या मावशींना. यंत्र मी माझ्या पगारातून घेतलेले आहे, क्लबाचे नाही; पावती कपाटाच्या वरच्या खणात आहे. मी मोज्याची जोडी दिली तरी सही घेतो, म्हणून क्लबात मला सगळे 'पावती' म्हणत. "पावती, माझे बूट कुठे?" "पावती, श्वास घेतला, सही करू का?" मला राग यायचा नाही. माझे सामान हरवत नसे.

ज्या दिवशी मला काढले, त्या दिवशी मावशी मशीन थांबवून म्हणाल्या, "तू विसरलास? तू? माझ्या साबणाच्या वड्या मोजणारा तू?" मी खाली मान घातली. त्यांनी पुढे विचारले नाही, पण त्यांचा विश्वास बसला नाही एवढे मला दिसले. त्या जून महिन्यात मला तेवढीच एक गोष्ट मिळाली. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवतो.

कलम ३. बुटांचे खिळे आवळायचा पाना माझ्या जागी आलेल्या नव्या किटमनला. त्याचा माझा काही झगडा नाही. त्याला एक सूचना: रक्ताचे शर्ट एक नव्हे, दोन न्यावेत. रक्ताचा शर्ट म्हणजे पाठीवर नाव नसलेला, भलताच नंबर असलेला जादा शर्ट. खेळाडूच्या शर्टाला रक्त लागले की पंच त्याला मैदानाबाहेर काढतात आणि स्वच्छ शर्टाशिवाय आत घेत नाहीत. त्याचे स्वतःचे दोन्ही शर्ट संपले असतील तर हा द्यायचा, आणि चिठ्ठी भरायची: कोणत्या नंबराऐवजी कोणता, कितव्या मिनिटाला. वरची प्रत मैदानाबाहेर बसणाऱ्या चौथ्या पंचाच्या हातात. कार्बनखालची स्थळप्रत आपल्या पुस्तकात.

ही चिठ्ठी मी सहा वर्षांत कधीही विसरलो नाही. पुन्हा लिहितो. कधीही विसरलो नाही.

कलम ४. हे कलम लांब आहे. निळ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठी-पुस्तकाबद्दल आहे.

दिनांक २० एप्रिल, हंगामाचा चोविसावा सामना, आमच्याच मैदानावर. एकूण सामने सव्वीस, संघ चौदा, शेवटचे दोन संघ खालच्या विभागात जाणार, आणि आम्ही तेव्हा तेरावे. आमचा कप्तान, सहा नंबर, हा माझ्या ताईचा नवरा. क्लबात मी त्यांना कप्तान म्हणायचो, घरी भाऊजी. मध्यंतरात त्यांनी भिजलेला शर्ट बदलून दुसरा घातला. बावन्नाव्या मिनिटाला कोपर लागून भुवई फुटली. दुसरा शर्टही रक्ताने गेला. मी त्रेचाळीस नंबरचा रक्ताचा शर्ट दिला आणि चिठ्ठी भरली: सहाऐवजी त्रेचाळीस, मिनिट चोपन्न. चौथ्या पंचाने न बघता खिशात घातली.

एकाहत्तराव्या मिनिटाला भाऊजींनी मागून पाय घातला. पिवळे कार्ड. पंचाने पाठीवरचा नंबर लिहून घेतला. त्रेचाळीस. ते भाऊजींचे हंगामातले पाचवे पिवळे कार्ड होते, आणि पाच झाली की आमच्या लीगमध्ये पुढच्या सामन्याला बंदी.

मंगळवारी लीगच्या कचेरीतून पत्र आले: तुमच्या संघाच्या यादीत त्रेचाळीस नंबर नाही, मग कार्ड कोणाचे? प्रशिक्षक, सचिव आणि भाऊजी किटच्या खोलीत आले. दार लावून घेतले. मी पुस्तक काढून म्हणालो, "हे बघा, चिठ्ठी दिलीय. स्थळप्रत आहे."

प्रशिक्षक म्हणाले, "ते विचारतायत, म्हणजे त्यांच्याकडे चिठ्ठी नाही. त्या चौथ्या पंचाने धुवायला टाकली असेल पँटबरोबर."

सचिव म्हणाले, "त्रेचाळीसचं चौतीस करू. पंचाने आकडे उलटे लिहिले. चौतीस नंबर बदली म्हणून उतरला होताच, त्याला एकही कार्ड नाही. कुणाचं काय जातंय?"

"कप्तानाशिवाय शनिवारी आपण हरतो," प्रशिक्षक म्हणाले. "आणि हरलो की या खोलीतला कोणीच पुढच्या वर्षी इथे नसतो. पावती, तुझं ते पुस्तक तेवढं आवर."

भाऊजी टाके पडलेली भुवई चाचपत होते. मी पुस्तक आवरले. माझा गुन्हा एवढाच आहे, आणि तो मी नाकारत नाही.

शनिवारी आम्ही एक-शून्यने जिंकलो. गोल भाऊजींचा, डोक्याने. बाबा पूर्वेकडच्या गॅलरीत एकतीस वर्षे एकाच खुर्चीवर बसतात. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिले. शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि आम्ही एका गुणाने वाचलो. बाबांनी घरी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझाही वाटा आहे हो यात," म्हणाले. आहे, हे मला माहीत होते.

मग त्या शनिवारी आमच्याकडून हरलेल्या क्लबातल्या कोणीतरी चोविसाव्या सामन्याचे चित्रीकरण थांबवून पाहिले. कप्तानाच्या पाठीवर त्रेचाळीस, आणि समोर पंचाचा हात वर. तक्रार गेली.

६ जूनला चौकशी. त्या दिवशी सकाळी साडेसातला भाऊजी आमच्या जिन्यात माझी वाट बघत उभे होते. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"जाणूनबुजून बंदीत खेळलो असं ठरलं, तर दोन वर्षं घरी. मी तेहतिसाचा आहे. पस्तिसाव्या वर्षी मला कोण घेणार, सर्कस? तुझी काय, नोकरी जाईल. नोकऱ्या मिळतात रे. घराचे हप्ते आहेत, ताईला सातवा महिना आहे."

"आणि बाबा?" मी विचारले.

"बाबांना मी सांगेन. माझ्या तोंडाने. शब्द आहे माझा."

चौकशीत सचिव म्हणाले, किटमनने चिठ्ठी दिली नाही आणि कार्ड चौतीसचे असेही त्यानेच सांगितले. भाऊजी म्हणाले, डोक्याला मार होता, कार्ड मिळाल्याचे आठवत नाही. मग चौकशीला बसलेल्या लीगच्या तिघांतल्या मधल्या साहेबांनी मला विचारले, "चिठ्ठी दिली होती का?"

मी म्हणालो, "विसरलो, साहेब."

पंचविसाव्या सामन्याचे तीन गुण कापले. आम्ही बाराव्याचे तेरावे झालो. क्लब खाली गेला. हे तसेही झाले असते, कारण बंदीतला खेळाडू तो बंदीतलाच. फरक इतकाच पडला की भाऊजी निर्दोष सुटले, जुलैत वरच्या विभागातल्या दुसऱ्या क्लबाने त्यांना घेतले, आणि चिठ्ठी विसरून क्लब बुडवणारा तो माणूस मी झालो.

कलम ५. प्रशिक्षकांना माझ्याकडून काही नाही. त्यांची शिट्टी माझ्याकडे राहिली आहे, ती नव्या किटमनने गोदामात जमा करावी. त्यांना हातात देऊ नये.

कलम ६. किटच्या खोलीची चावी सचिवांनी तीनदा मागितली. तिन्ही वेळा पावती द्यायला नकार दिला. मी मेल्यावरही हाच नियम राहील: आधी पावती, मग चावी.

कलम ७. चौतीस नंबर, तू त्या दिवशी कोणाला धक्कासुद्धा लावला नव्हतास. माफ कर. तुझ्या मापाचे हातमोजे, नवे, कपाटात डावीकडे आहेत.

कलम ८. बाबांना. बाबा ६ जूनपासून माझ्याशी बोलत नाहीत. जे बोलायचे ते आईमार्फत. "त्याला विचार, दिवा मालवणार आहे, का क्लबासारखं आम्हालाही अंधारात ठेवणार?" मी तीन हातांवर बसलेला असतो. ज्या माणसाने जुन्या किटमनच्या हातापाया पडून मला ही नोकरी मिळवून दिली, "माझं पोर गणितात कच्चं आहे, पण विसरत काही नाही," असे सांगून, तो माणूस आहे हा.

भाऊजी रविवारी जेवायला येतात. बाबा त्यांच्या शेजारी बसून म्हणतात, "घरातच साप निघाला, दुसऱ्याला काय बोलायचं?" आणि भाऊजी म्हणतात, "जाऊ द्या बाबा. चुकतो माणूस." दर रविवारी हेच. मी अकरा रविवार मोजले आहेत. बाराव्या रविवारी मला दम लागून मी जिन्यात बसलो आणि त्यातून हे झडपेचे निघाले. भाऊजींनी नुसते गप्प बसायचे होते. मला क्षमा करायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

कपाटात पाकिटात बाबांसाठी या हंगामाचा पास आहे. पूर्व गॅलरी, ओळ आठ, खुर्ची एकोणीस, म्हणजे त्यांचीच. खालचा विभाग असला तरी मैदान तेच आहे. माझ्या हातून ते घेणार नाहीत म्हणून दिला नाही. माझ्याकडून आहे हे सांगू नये. घरचे दोन सामने होऊन गेले. उरलेले वाया घालवू नयेत.

कलम ९. चिठ्ठी-पुस्तक, त्यातील चोपन्नाव्या मिनिटाच्या स्थळप्रतीसह, भाऊजींना. अट एक: माझ्या मरणानंतर त्यांनी ती बाबांसमोर उभे राहून एकदा मोठ्याने वाचावी. तारीख, नंबर, मिनिट, माझी सही. मग फाडायची असेल तर फाडावी. मी धुण्याच्या यादीच्या तीन प्रती काढणारा माणूस आहे. याची एकही प्रत काढलेली नाही. लीगला द्यायची असती तर जूनमध्येच दिली असती. मला लीग नको आहे, मला बाबा हवे आहेत.

येथे मृत्युपत्र संपत होते. साक्षीसाठी मी पंधरा नंबरच्या खाटेवरच्या काकांना विचारले. ते निवृत्त कारकून आहेत. चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही त्या क्लबातले का? अरेरे. कोणी एक मठ्ठ माणूस चिठ्ठी द्यायला विसरला म्हणतात."

मी म्हणालो, "म्हणतात खरं."

"आणा, कुठे करायची सही? पण घाई नका करू हं. मृत्युपत्र मेल्याशिवाय कोणी उघडत नाही. माझ्या सासऱ्यांनी आम्हाला बावीस वर्षं ताटकळत ठेवलं!"

ते हसले. मी कागद परत घेतला आणि खाटेवर बसून राहिलो. शंभरात तीन वेळा बाबांना कळणार. सत्त्याण्णव वेळा मी धडधाकट घरी जाणार, रविवारी भाऊजी येणार, आणि चुकतो माणूस म्हणणार. मी काल रात्रीपासून कोणत्या बाजूने आशा धरून होतो, ते माझे मलाच कळले आणि लाज वाटली.

म्हणून दुरुस्ती. कलम ९ मधील "माझ्या मरणानंतर" हे शब्द खोडले आहेत. शेजारी सही केली आहे. हे कलम मृत्युपत्रातून काढून आजपासून लागू करतो. पुस्तक माझ्या उशाखाली आहे. आईचा फोन आला होता: "बाबा म्हणाले, त्याला सांग, मी येतोय. चारला. जावयांच्या गाडीतून." भेटीची वेळ चार ते सहा. भाऊजी आत आले की मी पुस्तक त्यांच्या हातात देईन. वाचले तर ठीक. नाही वाचले तर पान माझ्याकडे घेऊन मी वाचीन. मला दम लागतो, पण ओळी चारच आहेत.

साक्षीदार १: पंधरा नंबरच्या खाटेवरचे काका. सही केली. मजकूर वाचलेला नाही. चारनंतर वाचायला देईन असे त्यांना सांगितले आहे.

साक्षीदार २: दुपारपाळीच्या सिस्टर. सही केली. म्हणाल्या, "झालं ना आता? झोपा जरा." या दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

ठिकाण: खाट क्रमांक चौदा. दिनांक वरचाच. वेळ दुपारी तीन वाजून पाच मिनिटे.

सोबतचा हिशेब:

खर्च. बाबांचा पास: २,४००. हातमोजे: ३५०. हॉस्पिटलची अनामत: ४०,०००.

देणे. मावशींचे, हॉस्पिटलला येण्यासाठी घेतलेले गाडीभाडे: १८०. चौतीस नंबरचे, एक खोटे कार्ड.

येणे. क्लबाकडून मे आणि जूनच्या सहा दिवसांचा पगार, पावतीसह मागितला आहे. भाऊजींकडून चार ओळी, मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.