सासूबाई माहेरी जाऊन आल्या

श्रीगोंदा, जि. अहमदनगर
आश्विन वद्य तृतीया, सन १९४८

सौ. मालनवन्सं यांना प्रेमलाचा वाकून नमस्कार.

इंदुरास तुम्ही, भावजी आणि घरची सारी खुशाल असाल. तुमचा पाठदुखीचा त्रास आता कसा आहे? इकडे सासूबाईंची तब्येत उत्तम आहे, इतकी की आम्हा बाकीच्यांना थोडी काळजी वाटते. तुमचे बंधू साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर लागले. कराचीच्या बंदरात त्यांनी जन्मभर बोटींवरचा माल उतरवून घेतला, आता बैलगाड्यांवरचा ऊस मोजून घेतील. बोटीला शेपूट नसतं एवढाच फरक, असं ते म्हणतात. शनिवारी घरी येतात, जेवतात, झोपतात. एकूण बरं चाललं आहे.

पत्राला उशीर झाला, कारण काय लिहावं हे ठरत नव्हतं. आम्ही कोण आहोत ते आधी ठरायला हवं होतं. तुम्ही लग्न होऊन वेळेवर इंदुरास गेलात, तुम्हाला हे समजायचं नाही. ही खोली घ्यायला आलो तेव्हा घरमालक काकासाहेब ओट्यावर बसले होते. ह्यांनी सवयीने "साईं, नमस्कार" म्हटलं आणि तिथेच घात झाला. काकासाहेब म्हणाले, सिंधी लोकांना जागा द्यायची नाही असं मी ठरवलं आहे. आम्ही मराठी आहोत म्हटलं, तर म्हणाले, ते बोलण्यावरून कळतंच आहे. मग परीक्षा सुरू झाली. कुलदैवत विचारलं, ह्यांनी जेजुरी सांगितली. देवक विचारलं, तेव्हा हे छताकडे बघायला लागले (तुमच्या बंधूंना देवक ठाऊक नव्हतं हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला तिथे कळलं). सासूबाई टांग्यातूनच ओरडल्या, "पंचपालवी!" काकासाहेबांनी मान डोलावली आणि आपल्या बायकोला म्हणाले, "लई तयारीनं आल्यात." तरी जागा दिली. पण दुसऱ्या दिवशी ते चौकशीला आले तेव्हा सासूबाईंनी कराचीच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढे भाजलेला पापड आणि तांब्याभर पाणी ठेवलं, आणि पंचपालवीने जेवढं कमावलं होतं ते सगळं पापडाने घालवलं. तेव्हापासून गल्लीत आमचं नाव 'शिंध्याचं बिऱ्हाड' आहे.

नगरला निर्वासितांच्या कचेरीत गेलो तर तिथे नेमकं उलटं. तिथले साहेब ह्यांचं बोलणं ऐकून प्रसन्न झाले. म्हणाले, तुम्ही मराठी माणसं, मग निर्वासित कसे? तुम्ही तर आपल्या घरी आलात, अभिनंदन. आणि पुढच्या माणसाला हाक मारली. अशा रीतीने आम्ही नगरात मराठी असतो आणि श्रीगोंद्यात उतरलो की सिंधी होतो. गाडीत असतो तेवढा वेळ कोण असतो ते कुणी विचारत नाही, म्हणून मला तो प्रवास आवडतो.

पण मुख्य सांगायचं ते सासूबाईंचं. तुम्हाला आठवत असेल, कराचीत त्यांच्या तोंडी 'आमच्या नगरकडे' याखेरीज दुसरं वाक्य नसे. आमच्या नगरकडे भाकरी अशी, आमच्या नगरकडे हवा अशी, आमच्या नगरकडची माणसं तोंडावर बोलतील पण मनात ठेवणार नाहीत. मी कराचीतच जन्मलेली, मला वाटे की नगर म्हणजे स्वर्ग आणि मधे फक्त तिकिटाची अडचण आहे. त्या नगर जिल्ह्याच्या फलाटावर सासूबाई जानेवारीत उतरल्या, चारी बाजूंना पाहिलं, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आमच्या कराचीत स्टेशनावर नळ होता." तेव्हापासून त्या कराचीत राहू लागल्या आहेत. इथली भाकरी आमच्या कराचीसारखी फुगत नाही, इथला वारा आमच्या कराचीसारखा येत नाही. (कराचीत त्या वाऱ्याला 'मेला' म्हणत असत.) मी एकदा हळूच म्हटलं की आपणच तर नगरचं कौतुक करत होता. तर म्हणाल्या, "हे श्रीगोंदं आहे. माझं माहेर अजून पाच कोस आत आहे. खरं नगर तिथे."

तेव्हा दसरा झाल्यावर सूर्यभान गाडीवानाची बैलगाडी ठरवून मी त्यांना माहेरी घेऊन गेले. लग्न होऊन गेल्यापासून त्यांनी गावात पाऊल ठेवलं नव्हतं. समुद्र मधे, परिस्थिती बेताची, आणि पुढे आई-वडील गेले, भाऊ गेला. आता भावाचा मुलगा कानिफनाथ शेती बघतो. त्याने आत्याला कधी पाहिलेलं नाही. आम्ही काही कळवलंही नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं असं की माहेरी जाताना कळवायचं नसतं, दारात जाऊन उभं राहायचं असतं. पाच कोस त्या गाडीत पुढे तोंड करून ताठ बसल्या होत्या आणि ओढा, बाभळ, मारुती जे दिसेल ते सूर्यभानला सांगत होत्या. सूर्यभान रोज त्याच वाटेने जातो. तो फक्त "व्हय आज्जी" म्हणत होता.

वेशीत पारावर म्हातारी माणसं बसली होती. सासूबाईंनी गाडीतूनच सांगितलं, "मी रंगूजीची छबू." एक म्हातारे डोळ्यांवर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "रंगूजीची छबू दर्यात बुडाली न्हवं का?" सासूबाई म्हणाल्या, बुडाले नाही, बोटीने आले. मग सगळा पार उठून आमच्या गाडीमागे चालू लागला. कानिफनाथाच्या दाराशी पोचेपर्यंत आमची मिरवणूक झाली होती.

आता वन्सं, इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला परत येताना सूर्यभानने सांगितली. सरकार पाकिस्तानातून आलेल्यांना जमिनी देणार अशी आवई त्या गावात आधीच उठली होती. त्यात कुळकायद्याची हवा. आणि अशा वेळी कानिफनाथाच्या दारात दर्यातून वर आलेली आत्या, बरोबर एक शिकलेली सून आणि मागे अर्धा गाव. त्याने आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. आम्हाला वाटलं, गहिवरला. तो विचार करत होता.

आदरातिथ्य तर असं केलं की काय सांगू. त्याची बायको भागूबाई हिने पुरण घातलं, घोंगडीवर चादर अंथरली, मला उठू दिलं नाही. माझं बोलणं ऐकून ती हळूच म्हणाली, "तुमी पुस्तकावानी बोलता." हे तिने कौतुकाने म्हटलं असं मी समजते. जेवण झाल्यावर सासूबाई शेत बघायला निघाल्या. आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चमत्कारिक फेरफटका झाला. कारण जमिनीची स्तुती करायला पाहुणी आणि नालस्ती करायला मालक, असा प्रकार मी पूर्वी पाहिला नव्हता.

"ती ओढ्यापलीकडची काळी आपलीच ना रे?" सासूबाई म्हणाल्या. "तिच्यात ज्वारी माणूसभर व्हायची."

"कुटली काळी आत्या," कानिफनाथ म्हणाला. "नुस्ता कुंदा हाय. नांगर शिरत न्हाई."

"आणि विहीर? केवढं गोड पाणी होतं!"

"हिरीत आता बेडूक सुदिक ऱ्हात न्हाई."

तेवढ्यात बाभळींच्या मागून मोटेचं चाक कुरकुरलं आणि पाणी धबाधबा पाटात पडल्याचा आवाज आला. कानिफनाथ म्हणाला, ते शेजाऱ्याचं. (शेजारी आमच्या बरोबरच चालत होता. त्याने मला नमस्कार केला.) खळ्यावर बाजरीची रास होती, ती देखील उसनी आणलेली निघाली. सासूबाईंना हे सहन होईना. कराचीत ज्या जमिनीच्या गोष्टी सांगून त्यांनी पोरं वाढवली, तिला हा मनुष्य बरड म्हणतो म्हणजे काय? त्या इरेला पेटल्या. माती हातात घेऊन त्याच्या नाकापुढे धरली, म्हणाल्या, "ही माती बरड? सोनं आहे हे सोनं! मला काय शिकवतोस?" त्यांनी सोनं म्हटलं की कानिफनाथाचा चेहरा पडे, आणि त्याचा चेहरा पडला की आपला भाचा अगदी खचला आहे असं वाटून त्या आणखी स्तुती करत.

संध्याकाळी मारुतीपुढे पाच माणसं बसवलेली दिसली. मला वाटलं भजन आहे. कानिफनाथ हात जोडून मधे उभा राहिला. "आत्या," तो म्हणाला, "तू रंगूजीची लेक, मी न्हाई म्हनत न्हाई. पर मला चार लेकरं हायेत. वरच्या माळाचा तुकडा तू घे. तिथं घर बांध. काळी तेवढी मागू नगंस."

सासूबाईंना काही क्षण कळलंच नाही. मला कळलं, आणि मी पदर तोंडाशी धरला. मग त्यांनाही कळलं. मला वाटलं, आता आमच्या कराचीत भाचे कसे असतात ते गावाला ऐकावं लागणार. पण त्या खाली बघत बसल्या. त्यांना तसं गप्प मी फक्त एकदाच पाहिलं आहे, कराचीला केमारीच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा.

मग म्हणाल्या, "मेल्या, माती घेऊन मी काय करू? मला बोटीत नेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दर दिवाळीला शेजारणींना मुराळी यायचा, माहेरी घेऊन जायचा. मी धक्क्याकडे बघत बसायची. समुद्र होता, नाही आला, ठीक आहे. आता काय आहे मधे? पाच कोस. एक लुगडं नेसव आणि दिवाळीला गाडी घेऊन मला न्यायला ये. बस."

तेवढ्यात बायकांतून लंकाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. त्या सासूबाईंच्या सागरगोटे खेळणाऱ्या मैत्रीण निघाल्या. त्यांनी कानिफनाथाच्या पाठीत एक धपका घातला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "छबे, माती मागितली असतीस तर लवकर सुटला असता गं ह्यो. आता दर साली पुरन!" सगळा पार हसला. कानिफनाथ हसला आणि डोळे पुसत राहिला. त्याने मारुतीवर हात ठेवून दिवाळीचं कबूल केलं, मग पंचमीचंही केलं, मग कुणी न मागता संक्रांतीचंही केलं. सुटकेच्या भरात माणूस किती देईल याला सीमा नसते. परत निघताना बाजरीचं एक पोतं, त्याच उसन्या राशीतलं, त्याने गाडीत टाकलं. सासूबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. वेस ओलांडल्यावर म्हणाल्या, "पुरणात वेलदोडा कमी होता. आमच्या कराचीत..." मी हूं म्हटलं.

तर असं आमचं क्षेम आहे. वडील मंडळींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पाठीला निर्गुडीचा शेक घ्यावा.

आपली भावजय,
प्रेमला

ता. क. : सासूबाई दिवाळीला पंधरा दिवस माहेरी जाणार. कारखाना सुरू होत असल्याने ह्यांना रजा नाही. लंकाबाईंनी निघताना मला सहज विचारलं, "तुजं म्हायेर कंचं गं पोरी?" मी कराची म्हटलं. माझा भाऊ तिथेच राहिला आहे, आणि आता तर जायला-यायला परवाना लागतो. त्या म्हणाल्या, "मंग तुला मुराळी कुटून यायचा?" मी हसून वेळ मारून नेली. तर विचारायचं होतं ते हे, की दिवाळीला मी इंदुरास तुमच्याकडे आले तर चालेल का? नणंदेने भावजयीकडे यायचं असतं, रिवाज उलटा होतो हे मला समजतं. कुणाला न्यायला पाठवायची मुळीच गरज नाही. मनमाडला आणि खांडव्याला गाडी बदलून माझी मी येईन. कराचीहून आलेल्या बाईला खांडव्याचं काय मोठंसं.

ता. क. दुसरा : नको असेल तर नको असं लिहू नये, नुसतं पाठ बरी आहे एवढं लिहावं, मी समजेन. आणि या म्हणणार असाल, तर वरचं कृपा करून विसरा आणि कुणाला तरी न्यायला पाठवाच. भावजींना सवड नसेल तर दुसरं कुणीही चालेल. फक्त सकाळच्या वेळी यावं आणि काकासाहेबांच्या ओट्यावरून, प्रेमलाबाईंना माहेरी न्यायला आलो आहे असं मोठ्याने सांगत यावं.