सतरा मिनिटं पुढं

कोगनोळी,
२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय अण्णा,

जय जिनेंद्र. फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतोस आणि पाचव्याला तुझी मीटिंग निघते. कागदाला अडवता येत नाही, म्हणून कागद. तू पाठवलेलं जाड पाकीट गेल्या सोमवारी मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी माझी बढाई ऐकून घे.

बढाई अशी की तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवरून मी आमच्या पुण्याच्या ऑफिसचं व्हीपीएन जोडलं. लिनक्सवर, आणि तुला न विचारता. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायचं आणि रुग्णांचे रिपोर्ट लिहायचे, हे माझं काम. तू त्याला दोन वर्षं ‘टायपिंग’ म्हणतो आहेस, म्हण. तर ऑफिसनं या महिन्यात फर्मान काढलं की रुग्णांचे कागद यापुढं उघड्या इंटरनेटवरून जाणार नाहीत. घरून काम करणाऱ्यांनी व्हीपीएनच्या बंद वाटेनंच ऑफिसात शिरायचं, आणि ते २४ तारखेला सोमवारी सकाळी दहाच्या आत जोडून दाखवायचं. नाही जमलं तर पुण्यात येऊन बसायचं. मी पुण्यात येऊन बसणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मी तिकडं आले की आई इथं एकटी, आणि आई एकटी झाली की तुझंच म्हणणं खरं. त्या कॉम्प्युटरपुढं मी नोकरीसाठी बसले होते असं तुला वाटत असेल तर चूक आहे. मी या घरासाठी बसले होते.

तुला एका फोनमध्ये विचारता आलं असतं. तुझा तर धंदाच तो, दिवसभर लोकांची नेटवर्कं जोडतोस. तुझा नंबर मी तीनदा काढला आणि तीनदा मोबाइल पालथा ठेवला. दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आईसमोर, हातात चकली धरून तू काय म्हणालास ते आठवतंय का? “तुला न्हाय जमायचं गं प्रिया. इथं कॉम्प्युटर बिघडला तर विचारणार कुणाला, म्हशीला?” आई हसली नाही. मी हसले, कारण सण होता. पण ते मी गाठीला बांधून ठेवलं होतं. म्हशीला विचारीन पण तुला विचारणार नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

ऑफिसनं पाठवलेल्या माहितीत सगळी चित्रं विंडोजची. मदतीच्या नंबरवर पहिल्या दिवशी जो माणूस भेटला तो म्हणाला, लिनक्स आमच्या यादीत नाही मॅडम, नवीन लॅपटॉप घ्या. घ्या म्हणे, जसा काही निपाणीच्या बाजारात कोथिंबिरीशेजारी मिळतो. हा कॉम्प्युटर तू इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. विंडोज त्याला पेलवेनासं झालं तेव्हा तूच त्यावर लिनक्स टाकलंस आणि आप्पांना सांगितलंस, “ह्येला म्हातारपण न्हाय आप्पा.” ते वाक्य मी धरून बसले. सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडलं, व्हीपीएनपुढच्या अधिकच्या खुणेवर टिचकी मारली, ऑफिसनं दिलेली फाइल दाखवली. तर म्हणे ही फाइल वाचता येत नाही. अर्धा दिवस मी फाइलला शिव्या घातल्या. मग शोधून शोधून कळलं की फाइल बरी आहे, ती वाचणारा भागच आपल्या कॉम्प्युटरवर कुणी टाकलेला नाही. कुणी म्हणजे तू. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून तो उतरवून घेतला, पुन्हा फाइल दिली, आणि सगळे रकाने आपोआप भरले. मी आईला स्वयंपाकघरातून ओढून आणून ते रकाने दाखवले. ती म्हणाली, “लई छान. आता जेवायला ये.”

पण आनंद तेवढाच. जोडताना नाव आणि पासवर्ड दिला की मोबाइलवरचा सहा आकडी कोड द्यावा लागतो, तो दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, कोड दिला की लाल पट्टी: ओळख पटली नाही. बुधवारी नाही पटली, गुरुवारी नाही पटली. माझ्याच घरात बसून, माझंच नाव सांगून, माझी ओळख पटत नाही! शेजारचे भरमूकाका डोकावून गेले आणि लगेच निदान करून गेले. “सीमेचा घोळ हाय ह्यो. एक टॉवर त्यांचा, एक टॉवर आपला. पुण्याला कळंना झालंय तू हैस कुठं ते.” आता आपल्याकडं, या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर, पाऊस उशिरा आला तरी सीमेचाच घोळ असतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी विश्वास ठेवला. ऐकायला सोपं आणि आपली चूक नाही, असं कारण कुणाला आवडत नाही? मोबाइलचं नेट जोडायचं म्हणून तो कॉम्प्युटर उचलून मी माडीवर नेला, का तर तिथं कोल्हापूरकडचा टॉवर पकडतो. ओळख तिथंही पटली नाही. कंबर मात्र धरली.

शुक्रवारी मदतीच्या नंबरवर सौम्या नावाची मुलगी भेटली. सुरुवातीला तीही इंग्रजीत बोलत होती. मी वैतागून “न्हाय हो, तसं बी करून बघितलं” म्हटलं मात्र, तिनं विचारलं, “कुठलं हो गाव तुमचं?” ती मूळची बेळगावजवळच्या पिरनवाडीची, म्हणजे आपल्याच भागातली निघाली. लिनक्स यादीत नसलं तरी तिकडं काय दिसतंय ते बघून सांगते, म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “आक्का, तुमची शेवटची खेप मला दिसत्या. पाच सत्तेचाळीसला कोड चुकीचा आलाय.” मी तिच्यावर उखडलेच. म्हटलं, मी आत्ता कोड घातला, माझ्या मोबाइलवर सहा वाजून चार मिनिटं झाली आहेत, कॉम्प्युटरवर सहा चार आहेत, समोरच्या भिंतीवर सहा चार आहेत, तू कुणाची खेप बघते आहेस? तिनं बिचारीनं पुन्हा बघितलं, तेच दिसलं. आणि त्याच वेळी आतून आईनं हाक मारली, “सहा वाजून गेले, दिवस मावळाय आला, ताट घेऊ का न्हाय?”

अण्णा, मी फोन कानाला लावून तशीच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले.

आठवतंय का तुला? आप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत होते आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचे. गाडी पोचायची ती दिवस मावळायला आलेला असताना. आपल्या जैनाच्या घरात दिवस मावळला की जेवण नाही, आणि आप्पा उपाशी म्हणजे आईही उपाशी. महिन्यातून चार दिवस दोघं नुसते उकळलेलं पाणी पिऊन झोपायची, तेही दिवस असतानाच प्यायलं असेल तर. शेवटी आप्पांनी घरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं, म्हणजे चूल लवकर पेटेल आणि ते दारात आले की ताट तयार असेल. पुढं एकदा सेल बदलताना आईनं ते सतरा मिनिटं पुढं लावलं. आप्पा म्हणाले, “तिनं लावलंय, ऱ्हाऊ दे.” तेव्हापासून सतरा. त्यानंतर आपल्या घरात कुणाचं जेवण चुकलं नाही. बाहेरच्या माणसाला वेळ सांगायची असली की आप्पा मनगटावरचं घड्याळ बघून सांगायचे. घरातली वेळ आई सांभाळायची, बाहेरची आप्पा. ते गेल्यावर मी इथं आले, तेव्हा आई म्हणाली, “तुझा फोन मागं हाय.” तिला एका खोलीत दोन वेगवेगळ्या वेळा दिसू नयेत म्हणून मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्ही मीच हातानं पुढं करून ठेवले. बस पकडताना, मीटिंगला बसताना मी मनातल्या मनात सतरा वजा करते, इतकी सवय झाली आहे की वजा करते हेच विसरले होते. आणि तो सहा आकडी कोड तर मोबाइल घड्याळ बघूनच बनवतो. पुण्याचं यंत्र स्वतःच्या घड्याळानं तोच कोड काढून ताडून बघतं. माझा मोबाइल बिचारा तीन दिवस त्यांना अजून न आलेल्या वेळेचे कोड सांगत होता.

सौम्याला म्हटलं, वीस मिनिटं थांब, आधी जेवते. तिनं का म्हणून विचारलं नाही. आई आणि मी दिवस असताना जेवलो, भाकरी, पावट्याची आमटी, वर ताक. हात धुऊन मोबाइल बाहेरच्या वेळेवर आणला, कोड घातला, आणि कोपऱ्यात छोटं कुलूप उमटलं. जोडलं गेलं. मी ओरडले, पलीकडं सौम्या ओरडली, आणि भरमूकाका पळत आले, काय पेटलं म्हणून. काल सोमवारी सकाळी दहाच्या आधी मी आत होते. लिनक्सवाली मी एकटीच. भिंतीवरचं घड्याळ मात्र हलवलेलं नाही, ते सतरा मिनिटं पुढंच आहे आणि पुढंच राहील.

आता तुझ्या पाकिटाकडं येते. त्यात तीन कागद आहेत. पुण्यातल्या वृद्धाश्रमाचा आईच्या नावाचा अर्ज, घर विकायला माझ्या संमतीचा कागद, आणि तुझ्या हातची यादी, आईला आता वेळेचं भान उरलेलं नाही हे मला पटावं म्हणून केलेली. यादी मी शुक्रवारी जेवण झाल्यावर पुन्हा काढून वाचली. पाडव्याला पावणेसहा वाजता म्हणाली, सहा वाजून गेले. गाडीला निघालेल्या गल्लीतल्या मालुबाईला सांगितलं, निपाणीची गाडी गेली, आणि गाडी नंतर आली. रक्तदाबाची गोळी ठरल्या वेळेच्या आधी घेतली. बेळगावच्या डॉक्टरांनी घड्याळ न बघता वेळ विचारली तर अकरा दहाला म्हणाली, साडेअकरा व्हायला आले असतील. अण्णा, प्रत्येक ओळीत सतरा मिळव आणि बघ. चारही वेळा ती बरोबर आहे. डॉक्टरांच्या खोलीत तर भिंतीकडं न बघताही ती मिनिटभर इकडंतिकडं झाली नाही. तुझ्या मोबाइलवर वेगळं दिसलं आणि तू आईला खोटं ठरवलंस. दिवाळीपासून फोनवर तू हेच सांगत होतास, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवून महिनाभर रात्रंदिवस तिच्याकडं संशयानं बघत होते, याची मला लाज वाटते. तुलाही वाटावी. सातवीत बोर्डिंगला गेलास, तेव्हाच हे घड्याळ मागं सोडून गेलास, त्याचा दोष तुला देत नाही. पण आईनं काहीही विसरलेलं नाही. विसरलास तू, आणि आजारी ठरवायला निघालास तिला. तिन्ही कागद या पत्रासोबत परत पाठवते आहे. कुठंही माझी सही नाही आणि ती मिळणार नाही. आणायला येणार असशील तर येऊ नकोस, भेटायला येणार असशील तर कधीही ये. मी पत्र लिहिते आहे हे बघून आईनं एवढंच सांगायला सांगितलं आहे: “अण्णाला म्हण, येशील त्या दिवशी सहाला ताट घेतो.” कोणते सहा, ते आता तुला कळेल.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
प्रिया