मामा, तुम्ही अजून कामावरच आहात

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? निवृत्त झाल्यापासून तुम्ही रोज ऑफिसच्या वेळेला कपडे करून बाहेरच्या खोलीत बसता आणि फोन वाजला की मामीला खुणेनेच ‘नाही’ म्हणून सांगता, असं तिच्याकडून कळलं. आज सकाळपासून मी चारदा फोन केला, चारही वेळा तुम्ही आंघोळीला गेला होतात. (इतक्या आंघोळी या वयात बऱ्या नव्हेत.) म्हणून हे पत्र ऑफिसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. फक्त सगळ्या शाखांचा कारभार ठप्प झालाय आणि त्याला कारण तुम्ही आहात.

रागावू नका, नीट सांगतो. माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. मुख्य कचेरीतल्या मोठ्या संगणकापाशी बसायचं आणि शाखाशाखांतून त्याला जोडलेल्या टर्मिनलांवर नजर ठेवायची. हुकूम तसे तीनच. कोण जोडलेलं आहे ते दाखव, अमक्याला चालू कर, तमक्याला बंद कर. (मामी विचारते, एवढ्यासाठी पगार देतात? देतात, पण नोकरी अजून पक्की नाही, आणि ती व्हायची की नाही हे परवाच्या बैठकीत ठरणार आहे.) आज नवं यंत्र बसवायचं म्हणून आमच्या साहेबांनी (फार मायाळू माणूस) सगळं नेटवर्क थोडा वेळ बंद करायला सांगितलं. बंद करण्याच्या दोन तऱ्हा. एक आडदांड, म्हणजे खाडकन तोडायचं, ज्याचं अर्धवट राहिलं त्याचं नशीब. दुसरी सभ्य, म्हणजे नव्या कुणाला आत घ्यायचं नाही, पण आत असलेल्यांना हातातलं काम संपवून आपापलं उठू द्यायचं. शेवटचा माणूस उठला की नेटवर्क बंद. मी तुमच्या तालमीतला, सभ्य तऱ्हा निवडली.

भराभर सगळे उठले. ‘दाखव’ म्हटलं तर दोनच नावं उरली. एक साहेब आणि दुसरे तुम्ही! शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, तुम्ही घरी गेलात, पण टर्मिनलमधून बाहेर पडायचं विसरलात. (विसरलात, असंच मी साहेबांना सांगितलंय.) तुमच्या शाखेतल्या बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, “अहो, तुमचे मामा खोलीला कुलूप घालून किल्ली घेऊन गेलेत. स्क्रीनवर कापड टाकलंय, आतून उजेड दिसतोय.” थोडक्यात, तुम्ही घरी बसून आहात आणि संगणकाच्या लेखी अजून कामावर हजर आहात. तुम्ही उठत नाही म्हणून नेटवर्क बंद होत नाही, आणि बंद व्हायला निघालंय म्हणून ते कुणाला आतही घेत नाही.

शेवटी मी आडदांड हुकूम सोडायचं ठरवलं, फक्त तुमच्यापुरता. पण तुम्हाला हाताला धरून बाहेर काढायला मन धजेना. टायपलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. डोळे उघडले तर तुम्ही जागच्या जागी आणि साहेब गायब! तुमच्या नावापुढच्या क्रमांकाऐवजी खालच्या ओळीतला त्यांचा क्रमांक मी टाकला होता. साहेब तेव्हा परवाच्या बैठकीसाठी माझ्या कामाचा अहवाल लिहीत होते (अगदी आपुलकीने), तीन पानं होत आली होती. तिन्ही गेली. पुन्हा लिहावा तर नेटवर्क त्यांनाही आत घेईना, आणि हाताने लिहिलेला अहवाल बैठकीत चालत नाही. साहेबांनी मला जे सांगितलं (योग्यच सांगितलं) त्याचा सारांश असा, की त्या हुकमाला मी पुन्हा हात लावायचा नाही.

तेव्हा मामा, हात जोडून विनंती, किल्ली घ्या, याच गाडीने शाखेत जा आणि रीतसर बाहेर पडा. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. वरचं सगळं साहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते. आता ते चहाला गेलेत. मामा, मुळीच जाऊ नका! तुम्ही उठलात की नेटवर्क बंद होऊन पुन्हा सुरू होणार आणि सगळ्यांच्या आधी साहेब आत शिरून माझा पंचनामा करणार. उद्यापासून ते रजेवर आहेत, म्हणजे अहवाल आज झाला तर झाला. किल्ली सापडत नाही म्हणा आणि ड्रायव्हरला वाटेला लावा.

आणखी एक ता. क. आताच मामीचा फोन आला. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, “यांच्यावाचून आमचं पदोपदी अडेल,” आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, ते तुमच्या मनाला लागलंय, असं ती म्हणाली. मला खरंच वाईट वाटलं. मामा, ज्यांना हसू आलं ते सगळे आज हातावर हात ठेवून बसलेत. सगळ्या शाखांचं अडलंय, आणि ते फक्त तुमच्यावाचून. हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघायलाच हवं. तेव्हा जा, सगळ्यांच्या देखत कुलूप उघडा आणि ऐटीत बाहेर पडा. माझ्या नोकरीचं माझं मी बघेन. फक्त साहेब पाचला घरी जातात (बाकी सगळे सहाला), तेवढं ध्यानात ठेवून निघा.