आधीच आटलेले हातमोजे

प्रिय आई, देव तुला सुखात ठेवो.

तू विणलेले हातमोजे पोचले. इथे बेटावर वारा असा आहे, की दाढीत बर्फ साचतो, पण हात उबदार आहेत. जेवायला रोज कॉड मासा. काळजी करू नकोस.

एक विचारू? ‘नवेकोरे आहेत, माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही,’ असं तू लिहिलंस. नवे मोजे ढगळ असतात. खाऱ्या पाण्यात वल्ही मारली, की मग आटून घट्ट होतात. हे आधीच आटलेत. झिजले की फिरवून घालता यावेत म्हणून तू प्रत्येक मोज्याला दोन्ही बाजूंना एकेक अंगठा विणतेस, तर यांची एक बाजू झिजलेलीच आली.

आमच्या होडीवरचा ओड्डूर म्हणाला, “आई कसली सांगतेय? मोज्यालाच विचार.” मग उजेडात नीट पाहिलं. एका मोज्याची करंगळीकडची कड अजून मऊ, फुललेली आहे; तिथे आतून बोट घासलेलंच नाही. आपल्या गावात करंगळी नसलेला माणूस एकच, आणि तो आपल्याच घरात.

डॉक्टरांनी समुद्रावर जाणं बंद केल्यापासून बाबा खिडकीशी बसून असतात, असं तूच कळवलंस ना? त्यांची छाती कशी आहे? होडी किनाऱ्यावर उलटी घालून ठेवलेलीच आहे ना?

आता वेगळाच संशय येतोय. मोज्यांशिवाय ते वल्ह्याला हात लावत नाहीत, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर हे मला पाठवले नाहीस?

तसं असेल, तर परत मागू नकोस. आणि त्यांनी कितीही गोड बोलून मागितली, तरी दुसरी जोडी विणायला घेऊ नकोस.

तुझा, ऊब घेत बसलेला,
थोर्लेफ