विचारायची रीत

दि. ३ जून

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

बिशप झालास, अभिनंदन. ही बातमी मला ऑर्गनवाल्या मास्तरांकडून कळली. ते पॅन्ट आखूड करून घ्यायला दुकानात आले होते. मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसले होते, आणि ते वरून म्हणाले की तुमच्या भावाचं नाव रोमहून जाहीर झालं. टाचणी गिळायचीच बाकी राहिली. जाहीर होईपर्यंत गुपित पाळायची शपथ असते, हे मला ठाऊक आहे. पण जाहीर झाल्यावर सख्ख्या बहिणीला फोन करायला कुठली शपथ आडवी आली?

तुझ्या भावोजींनी आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजला. मी प्यायले नाही. का ते सरळच लिहिते, कारण आडून बोलणं मला कधी जमलं नाही. आई गेल्यावर जिने इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्र्या करून आपल्या दोघांना वाढवलं, ती मावशी आज बसने पाच तासांवरच्या एका संस्थेत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. देवळामागचा म्हाताऱ्यांचा आश्रम बंद करायच्या कागदावर सही तुझी. जुन्या बिशपांचा उजवा हात म्हणून मिरवत होतास ना, तोच हात. एका सकाळी आठ म्हाताऱ्या आणि त्यांच्या ट्रंका टेम्पोत घातल्या. जायचं का, असं एकीलाही कुणी विचारलं नाही.

मास्तर म्हणत होते, पूर्वी बिशप लोकच निवडायचे. खरं का रे? मग आता आम्हाला विचारत नाहीत हे तुझं नशीबच.

मावशीला परत आण. एवढं केलंस तर तुझा झगाही शिवते आणि टोपीही शिवते.

राग लोभापोटीच आहे, तो लोभ तू आटू देऊ नकोस.
तुझी,
अक्का


दि. ११ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अभिनंदनाचे दोन शब्द आणि पानभर शिव्या, म्हणजे तुझी तब्येत ठणठणीत आहे हे कळलं.

मास्तरांना बाजा वाजवू दे, इतिहास माझ्याकडून ऐक. पहिल्या शतकांत गावचे लोक, तिथले फादर आणि शेजारचे बिशप मिळून निवड करत, हे खरं आहे. ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात गट पडत, देवळात काठ्या चालत. एका निवडणुकीत एकाच देवळातून शंभराच्या वर मुडदे बाहेर काढले होते, ती तुझी लोकांची निवड. पुढे राजे शिरले. जावयाला जहागीर द्यावी तशी राजा आपल्या मर्जीतल्या माणसाच्या हातात बिशपपदाची अंगठी आणि काठी ठेवायचा. पोपनी ते मोडायला घेतलं तेव्हा एक बादशहा माफीसाठी बर्फात उभा राहिला. मग मोठ्या देवळांतल्या फादरांची मंडळं निवडू लागली, तर त्यांच्याही कानाशी राजे होतेच. नेमणूक पोपनीच करायची हा सर्रास नियम अगदी अलीकडचा आहे. आता आसपासचे बिशप नावं सुचवतात, पोपचे राजदूत गुपचूप चौकशी करतात, त्यात फादर असतात आणि काही समजूतदार संसारी माणसंही असतात. मग तीन नावं रोमला जातात. पोप त्यातलं एक घेतात, नाहीतर तिन्ही बाजूला सारतात. यात कुणाचं डोकं फुटत नाही.

आश्रमाचं म्हणशील तर छप्पर खाली यायला झालं होतं. इंजिनिअरने तसं लिहून दिलं होतं. मी सही केली नसती आणि ते आठ जणींच्या अंगावर कोसळलं असतं, तर मला खुनी म्हणायला तूच पहिली आली असतीस. मावशीला तिथे नर्स आहे, लिफ्ट आहे, वेळेवर औषध आहे. धर्मप्रांत भावनेवर चालत नाही, अक्का.

दीक्षाविधी १९ जुलैला, रविवारी. पहिल्या रांगेत तुम्हा दोघांना खुर्च्या ठेवल्या आहेत. डोक्याचं माप सोबत आहे. टोपीला आतून ताठ राहायला बकरम जाड घाल, मागच्या बिशपांची फोटोत कलंडलेली दिसते.

माया असेलच, ती या पत्राने कमी होऊ नये.
तुझा,
मुंगळ्या (हे नाव आता चारचौघांत नको.)


दि. २४ जून

चि. मुंगळ्यास,
आशीर्वाद.

चारचौघांत नको तर पत्रात तरी घेऊ दे. मावशीच्या कमरेला चिकटून असायचास म्हणून तिनेच ठेवलंय ते नाव.

मी जाऊन आले. लिफ्ट आहे, तुझं खरं. पण मावशी खोलीबाहेरच पडत नाही तर लिफ्ट काय चाटायची? अंगावरची चादर घेते, काठाला काठ लावून घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. चमचा ओठांशी नेला की तोंड मिटते. माझ्याकडे बघून एकदाच बोलली, आपण घरी कधी जायचं म्हणून. नर्सबाई चांगली आहे, तिने मला बाहेर नेऊन सांगितलं की असंच चाललं तर मावशी फार दिवस काढणार नाही. शेजारच्या खाटेवरची गाणारी आजी गेल्या महिन्यात गेली. आता आठाच्या सात उरल्या आहेत. हे तुला कुणी कळवलं का? तू विचारलंस का?

देवळाच्या ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि काजं करता करता वाचलं. मुडदे तेवढे तू बरे मोजलेस. पाचव्या शतकातल्या एका पोपनीच लिहून ठेवलंय की जो सगळ्यांवर बसणार त्याला सगळ्यांनी निवडावं. ते पान तुझ्या शिक्षणात फाटलेलं होतं वाटतं. एका शहरात म्हणे बिशप निवडताना भांडण पेटलं, सरकारी अधिकारी ते मिटवायला गेला, तर लोकांनी त्यालाच बिशप करायचा धोशा लावला. बाप्तिस्माही झाला नव्हता त्याचा. तो घाबरून पळाला, लपून बसला, तरी शोधून आणला. तू पळालास का रे? निदान एक दिवस तरी? पद घेणार का, असं विचारतात आणि नाही म्हणायची मुभा असते, हेही त्यात आहे. तुला विचारलं तरी. मावशीला तेवढंही नाही.

टोपी मी शिवणार नाही. दुकानात तयार मिळतात. माप परत पाठवते, डोकं फुगलं असेल तर नव्याने घ्यावं लागेल.

आणखी एक. विधीची पुस्तिका छापायला गेली आहे, तिचा कच्चा कागद मी पाहिला. डोक्याला अभिषेकाचं तेल लावण्याआधी तुला सगळ्यांदेखत प्रश्न विचारायचे आहेत. गरिबांशी, परक्यांशी, गरजवंतांशी देवासाठी दयेने वागशील का, असा त्यात एक प्रश्न आहे. त्या वेळी तुझ्यासमोर मावशी बसलेली असेल. मी तिला आणणार आहे. आणि रोमचं नेमणुकीचं पत्र वाचून झाल्यावर लोकांनी देवाचे आभार मानायचे असतात, तेव्हा माझं तोंड बंद राहील.

लोभ ठेव म्हणण्याइतकी आज मी थंड नाही.
अक्का


दि. १ जुलै

अक्का,
नमस्कार.

मावशीला आणू नकोस. विधी अडीच-तीन तासांचा आहे. एवढ्या गर्दीत ती घाबरेल, कपडे ओले करेल, आणि माझ्यावरच्या रागापायी तिचं हसं तू करशील. ही विनंती नाही.

तू तोंड बंद ठेवल्याने काही अडणार नाही. ते आभार म्हणजे मतदान नव्हे.

आणि एवढी कळवळतेस, तर दुकानाच्या वर तुमची खोली आहे ना? टेम्पो आला त्या दिवशी तिला तिकडे का नेलं नाहीस? दुसऱ्याच्या छपराखाली दया करणं सोपं असतं. मी पळालो नाही, हे खरं आहे. राजदूतांसमोर हो म्हणायला मला क्षणभरही लागला नाही, आणि हो म्हणताना देवाच्या आधी तूच आठवलीस, की आता तरी ही मला मोठा म्हणेल. हसून घे.

टोपी मागवली आहे. खुर्च्या दोनच आहेत.

आपला,
भाऊ


दि. २० जुलै, सोमवार

बिशपसाहेबांस,
सा. न. वि. वि.

खुर्च्या दोनच होत्या, म्हणून तुझे भावोजी मागे उभे राहिले, गुडघे दुखत असून.

मी का नेलं नाही, ते आधी सांगते. टेम्पो यायच्या आधीच मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, तुझा जिना मला चढवणार नाही, आणि वर एकटी बसून मी काय करू, मला या बायकांतच राहू दे. मी विचारलं आणि तिने उत्तर दिलं. सही करण्याआधी तुला एवढंच करायचं होतं.

रोमचं पत्र वाचलं, सगळे देवाचे आभार मानून मोकळे झाले, मी गप्प राहिले. काही अडलं नाही, तू म्हणाला होतास तसंच. मग प्रश्न झाले. गरिबांचा आला तेव्हा तू मावशीकडे पाहिलंस. उत्तराला इतका वेळ लावलास की प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या बिशपांनी पुस्तकातून मान वर केली. मग हो म्हणालास. हळू म्हणालास, पण ध्वनिक्षेपक चांगला होता, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

पुढे तू फरशीवर पालथा झोपलास आणि संतांची नावं सुरू झाली. तेव्हा मावशी काय बोलली ते तुझ्यापर्यंत आलं की नाही, मला माहीत नाही. ती मोठ्याने म्हणाली, मुंगळ्या पडला, अगं उचला त्याला, फरशी गार आहे. दोन नन मागे वळल्या. मी तिला सांगितलं की ही रीत आहे, तर ती म्हणाली, मेल्यांनो, पोराला जमिनीवर निजवायची कसली रीत. ती उठायला निघाली, मी हात धरून बसवलं. कित्येक महिन्यांनी तिच्या हातात जोर लागला मला. विधी संपेपर्यंत तिने कपडे ओले केले नाहीत, हेही तुझ्या माहितीसाठी.

आशीर्वाद देत खाली आलास, तेव्हा तुझ्या कानामागून तेल ओघळत होतं. तिने ते आपल्या रुमालाने पुसलं आणि विचारलं की जेवलास का. तुझे डोळे भरले, ते मी पाहिलं. पण रडं स्वस्त असतं, मुंगळ्या, आणि तू रडून गाडीत बसून निघून गेलास. ती मात्र आमच्याकडे येऊन, खाली दुकानातच बसून वाटीभर पातळ भात जेवली.

आज सकाळी संस्थेची गाडी तिला न्यायला आली. मी ती रिकामी परत पाठवली. चालकाजवळ निरोप दिला आहे की उरलेल्या सहा जणींना तिथल्या नर्सबाईंनी नीट विचारावं, आणि ज्या हो म्हणतील त्यांना शुक्रवारी इकडे आणावं. पत्ता तुझ्या बंगल्याचा दिला. तळमजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या कुलपात आहेत, एकही पायरी नाही, छप्पर शाबूत आहे. जुने बिशप त्यात एकटे राहिले, तू एकटा राहायची गरज नाही. काल साऱ्या गावादेखत हो म्हणालास. त्याच्यापलीकडचं मी काही मागत नाही.

हे पत्र तुझ्या स्वयंपाकीणबाईंच्या हाती वर पाठवते आहे. तू कामात आहेस, असं त्या म्हणाल्या. आम्ही खाली, तुझ्या भेटीच्या खोलीत बसलो आहोत. मावशीने तुझ्या टेबलावरचं कापड काढून त्याची घडी घातली आहे आणि आता ती पडद्यांकडे बघते आहे. मी दार बंद करून घेतलं आहे, तेव्हा आज आम्हाला हलवायचं असेल तर ते तुला स्वतःच्या हाताने, तिच्यासमोर करावं लागेल.

लोभाचं मागाहून पाहू. आधी किल्ल्या घेऊन खाली ये.
अक्का