टर्बोची शिट्टी

शनिवार, संध्याकाळ

लेक मीरा गाडीने दार्जिलिंगला सुखरूप पोचली, तरी मला चैन नाही.

तिने हौसेने गाडी ट्यून करून टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, जोर वाढवला होता. कोलकात्यात ठीक, पण डोंगरावरच्या विरळ हवेत तोच जोर द्यायला टर्बोला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. जळला तर? म्हणून तिला न सांगता मी गॅरेजमध्ये जुनं सेटिंग करून आणलं. जोर वाढवल्यापासून येणारी टर्बोची शिट्टीही थांबली.

मघाशी फोन. "बाबा, घाट सहज चढली! माझ्या ट्यूनिंगची कमाल. तू उगाच घाबरत होतास."

शिट्टी नाही हे हिला कळलं कसं नाही? मी म्हणालो, "हो गं."

"आल्यावर जोर अजून वाढवते. मग लडाख!"

घाटात जपायला गेलो आणि लडाखचा रस्ता मीच उघडून दिला.