भेकराला दिसलेलं जॅकेट

पनवेल,
डिसेंबर २०११

आदरणीय शकीलभाई,

अस्सलामु अलैकुम. तुमची, भाभीची आणि मारिया बेटीची तब्येत चांगली असेल अशी उमेद करतो. इकडे सर्व खैरियत आहे. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं म्हणून लिहिलं, त्यावर फार भरवसा ठेवू नका.) माझ्या साबिराची कंबर धरली आहे, दुकानासमोर गटाराचं काम निघाल्यामुळे गिऱ्हाईक फळीवरून तोल सावरत येतं किंवा येतच नाही, आणि अब्बांचे डोळे. डोळ्यांचं पुढे लिहितो.

तुम्ही परवा फोनवर विचारलंत की जॅकेट कशात धुतलं, आणि मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. रेंज छान होती. पण अब्बा शेजारी बसले होते, आणि नजर जसजशी कमी होतेय तसतसे त्यांचे कान भलतेच तयार झालेत. आत स्वयंपाकघरात साबिरा पुटपुटली तरी बाहेरून जवाब देतात. हल्ली या घरात खरं बोलायचं तर कागदावरच बोलावं लागतं. म्हणून हे पत्र. लांबण लावतोय असं वाटलं तर चहा घेऊन बसा.

काचबिंदूचं तुम्हाला कळवलंच होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली टिकेल असं मी सांगणार नाही. (फी घेऊन माणूस इतकं वाईट बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.) त्यानंतर आठवडा गेला. मग एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, डोळे आहेत तोवर एकदा भेकर बघायचंय. हज झालेली, नातवंडं बघून झालेली, आणि मागणं काय तर भेकर! पण खारघरच्या जागी नुसती भातशेती होती तेव्हा ते तुम्हाला खांद्यावर बसवून ओव्याच्या डोंगरात भेकर दाखवायला न्यायचे म्हणे. (मला कधी नेलं नाही. माझ्या वेळेपर्यंत त्यांचे खांदे दुखायला लागले होते.) मी तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही केपटाउनहून तुमचा शिकारीचा जोड पाठवून दिलात. पानापानांचं जॅकेट, तशीच पँट, तशीच टोपी. इथे भेकर मारायचं नुसतं मनात आणलं तरी जंगलखातं धरून नेईल, पण लपून बघायला कुणाची हरकत नाही. तुमचा हेतू नेक होता. मात्र पार्सल उघडताच साबिराला बाहीवर वाळलेल्या रक्ताचा डाग दिसला.

झालं. कुठल्या जनावराचं रक्त, कुणी कसं मारलेलं, आणि अब्बा तर फजरची नमाज डोंगरावरच पढणार, तीही याच कपड्यांत. पाक झाल्याशिवाय ही चीज माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तुमच्या भावजयीने जाहीर केलं. तीन पाण्यांतून काढून थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण साबिराच्या लेखी पाक म्हणजे चकाचक. शाळेचे शर्ट झगमगतात ती टीव्हीवरची पावडर, वरून नीळ, मग खळ, मग कडक इस्त्री. जंगलात लपायचं ते जॅकेट नवऱ्या मुलाच्या शेरवानीसारखं ताठ झालं. अब्बांनी हात वर केला की कागदासारखं वाजायचं.

वाट दाखवायला मंगळ्या होता. ओव्याच्या वरच्या वाडीत राहतो, इमारतींवर विटा वाहतो, मंगळवारी बाजारात आपल्या दुकानी तंबाखू घेतो. पहाटे रिक्षा करून जायचं, अब्बांना हाताला धरून झऱ्यापर्यंत न्यायचं, नमाज झाली की दबा धरून बसायचं. पहिल्या खेपेला भेकर नुसतं भुंकलं. मंगळ्या म्हणाला, "चाचा, आत्तर नका लावू, त्याला वास जातो." अब्बांनी जन्मात पहिल्यांदा अत्तराशिवाय घर सोडलं. त्या दिवशी भेकर झाडीतून डोकावलं, थेट अब्बांकडे बघितलं आणि ठोकली धूम. मग दोष डब्यातल्या तळलेल्या बोंबलांवर आला. (साबिरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.) मग अब्बांच्या खोकल्यावर. ते गालात लवंग धरून, डोळ्यांत पाणी आणून बसले, पण खोकले नाहीत. तरी तेच. मी दुकानातल्या न धुतलेल्या मातकट शर्टात, मंगळ्या मळक्या बनियनवर. आमच्याकडे ते जनावर ढुंकूनही बघायचं नाही. अब्बांवर नजर पडली की मात्र पळालंच.

उतरताना अब्बा म्हणाले, "मी गुनहगार माणूस आदिल, मुक्या जनावरालासुद्धा कळतं." शकीलभाई, मला तिथे रडू फुटलं. इतकं सरळ आयुष्य काढलेला माणूस, आणि एका भेकराने त्याची ही हालत करावी!

त्यानंतरच तुमचा तो परवाचा फोन आला. म्हणालात, हरणाला भगवा रंग नीट दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा उजेड दिसतो, आणि साबणाच्या पावडरीत कपडे उजळवायचं जे औषध असतं त्यामुळे कपडा त्याच्या नजरेत निळा पेटतो. फोन ठेवून मी तसाच दुकानात गेलो. नकली नोटा तपासायचा निळा दिवा लावला आणि जॅकेट खाली धरलं. या अल्लाह! पान न् पान पेटलं. समोरचा कृष्णकांत शिंपी धावत आला आणि विचारतो, ऑर्केस्ट्रात लागलास का. म्हणजे इतके दिवस आम्ही अब्बांची रोषणाई करून त्यांना झाडामागे लपवत होतो.

अब्बांना मी सगळं सांगितलं. दोष तुमच्या गुनाहांचा नाही, साबणाचा आहे. त्यांनी जॅकेटची ताठ बाही चाचपली. मग म्हणाले, साबिराला बोलू नकोस, तिने नमाजेसाठी धुतलं.

काल पुन्हा गेलो. या वेळी अब्बांना मंगळ्याची घोंगडी पांघरली. तिची आणि साबणाची आजवर गाठ पडलेली नाही. (वास मी लिहीत नाही, पत्र जेवणाआधी उघडलंत तर पंचाईत.) उजाडता उजाडता भेकर आलं. आरामात खाली उतरलं, पाणी प्यायलं आणि उघड्यावर कान हलवत उभं राहिलं. इतकं जवळ की त्याचं ओलं नाक दिसत होतं. मी अब्बांचा हात दाबला. त्यांनी मान डोलावली आणि अगदी हळू म्हणाले, "माशाअल्लाह, काय रंग आहे!"

भेकर डावीकडे होतं. अब्बा उजवीकडे खडकाकडे बघत होते.

मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला. मंगळ्याने घोंगडी त्यांच्या अंगावर सारखी केली. रिक्षात अब्बा खुशीत होते, निदान तसं दाखवत होते. घरी आल्यावर साबिराला त्यांनी भेकराचे कान, शेपूट सगळं वर्णन करून सांगितलं, आणि पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला तो तांब्याच्या वीतभर अलीकडे.

भाभींना सलाम, बेटीला दुआ.

तुमचा धाकटा,
आदिल

ता. क. जॅकेट परत पाठवत नाही. साबिराने कापून त्याच्या उशांच्या खोळी शिवल्या. पँटचं काय करावं याचा घरात विचार चालू आहे.

ता. क. जुम्म्याला फोन कराल तेव्हा भेकराचं नक्की विचारा. ते जे सांगतील त्याला हो हो म्हणा, उलट प्रश्न करू नका.

ता. क. आणखी एक. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी मला कसम घातली होती, ती आज मोडतो. डॉक्टरकडून येताना रिक्षात ते भेकराचं बोललेच नव्हते. म्हणाले होते, शकीलला एकदा बघून घेतलं असतं. मग स्वतःच म्हणाले, जाऊ दे, त्याला सुट्टी मिळायची नाही, उगाच जिवाला लावून घेईल. भेकर त्यानंतर निघालं. आता बघायचं तर राहूनच गेलं, पण तुम्ही या. आणि दारात आलात की अब्बा ओळखतात का बघत गप्प उभे राहू नका. लगेच बोला.